फुंकर पुरत नाही तेव्हा: ट्रॉमावरची थेरपी कशी निवडावी

घाटात अपघात झालेला माणूस काही दिवस घाट टाळतो, यात कुणाला नवल वाटत नाही. पुढे तो हायवे टाळायला लागतो, मग रात्रीचा प्रवास, मग पुढच्या सीटवर बसणं. वर्षभराने टीव्हीवर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला तरी चॅनल बदलतो. घरचे म्हणतात, दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय, होईल हळूहळू. पण फुंकून प्यायच्या गोष्टी दर महिन्याला वाढत असतील तर हळूहळू काही होत नाहीये. टाळलं की त्या क्षणी जिवाला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मेंदू शिकतो की धोका खरा होता, पळालो म्हणून वाचलो.

पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, वर्षानुवर्षं टिकून राहतो तो मुख्यतः या चक्रामुळे. म्हणून थेरपी निवडताना तिचं नाव, थेरपिस्टचा गोड आवाज, क्लिनिकमधली झाडं हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारा: या उपचारात टाळणं नेमकं कोणत्या टप्प्यावर आणि कसं मोडतात? ‘आपण बोलत राहू, मन मोकळं होईल’ एवढंच उत्तर मिळालं तर ती सोबत चांगली असेल, पण पीटीएसडीवरचा उपचार नाही.

आधी, हा त्रास पीटीएसडीचाच आहे का

भूकंप, अपघात, बलात्कार, मारहाण, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य परत परत दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. या काळात घाई नको. घटनेनंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना गोल बसवून, काय काय पाहिलंत ते एकाच बैठकीत वदवून घ्यायची पद्धत एकेकाळी फार चालायची. तिला डीब्रीफिंग म्हणतात. अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही, काहींत तर त्रास वाढलेला दिसला, आणि कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ती देऊ नका असंच म्हटलं आहे. तेव्हा लागतो तो मानसिक प्रथमोपचार: सुरक्षित जागा, पाणी, जेवण, नातेवाइकांशी गाठ, कागदपत्रांना मदत. समोरचा आपणहून बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर उकरायचं नाही. मात्र त्रास इतका असेल की खाणं-झोपणंच बंद पडलंय, तर महिनाभर वाट पाहत बसू नका.

महिना उलटूनही चार गोष्टी एकत्र दिसत असतील तर तपासणी करून घ्यावी. नको असताना येणाऱ्या आठवणी, स्वप्नं, फ्लॅशबॅक, म्हणजे घटना आत्ता पुन्हा घडतेय असं वाटणं. जागा, माणसं, विचार टाळणं. ‘चूक माझीच’, ‘कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही’ अशी मनाची काळवंडलेली ठेवण आणि भावना बधिर होणं. आणि अंग सतत सावध: चिडचिड, दचकणं, दाराकडे पाठ करून न बसणं.

मोजायला पीसीएल-५ नावाची प्रश्नावली मोफत मिळते. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली तर पीटीएसडीची शक्यता धरून सविस्तर मुलाखत घेतात. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. भरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे आयुष्यातला सगळा त्रास एकत्र धरून उत्तरं देणं. सर्वांत छळणारी एकच घटना मनात धरायची आणि गेल्या महिन्यापुरतंच उत्तर द्यायचं. पहिला कागद जपून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दोन ठिकाणी ही वाट वेगळी होते. माणूस गेल्याचं दुःखच मुख्य असेल, भीती नसून ओढ असेल, तर तो शोक आहे आणि त्यावरचे उपचार वेगळे आहेत. दुसरं, धोका अजून चालूच असेल, म्हणजे मारणारा नवरा त्याच घरात असेल, तर तिचं सावध राहणं हा आजार नाही, शहाणपण आहे. तिथे आधी सुरक्षिततेची योजना, घरगुती हिंसेच्या तक्रारी बघणारा सरकारी संरक्षण अधिकारी, राहायची जागा. आठवणींवरचं काम त्यानंतर, किंवा फार बेताने सोबत.

लहानपणापासून वर्षानुवर्षं छळ झालेला असेल तर पीटीएसडीच्या जोडीला भावनांवर ताबा न राहणं, स्वतःबद्दल तीव्र किळस आणि नाती न टिकणं हेही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नाव मिळालं.

तीन मोठी नावं, आणि आत काय चालतं

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने आणि संरक्षण खात्याने मिळून २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्रौढांच्या पीटीएसडीसाठी तीन थेरप्यांची ठाम शिफारस आहे: प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जाणं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (अडकलेले विचार तपासणं) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे फिरवणं). तिन्ही ठरावीक मुदतीच्या आहेत. वर्षभर दर गुरुवारी जायचं, असा प्रकार यात नाही.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांनी बांधलेली पद्धत. ८ ते १५ सेशन, प्रत्येक साधारण ९० मिनिटांचं, आठवड्यातून एक किंवा दोन. काम दोन आघाड्यांवर चालतं. पहिली आठवणीची: डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘मी’ लावून घटना सांगायची. ‘मी गाडी चालवतोय, डावीकडे कठडा आहे, समोरून दिवे येताहेत.’ शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून, असं ३० ते ४५ मिनिटं. मग डोळे उघडून पंधरा-वीस मिनिटं त्यावर बोलणं: आज कोणता नवा तपशील आला, कुठे सर्वांत जड गेलं. हे सगळं रेकॉर्ड होतं आणि ते रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं असतं. काही सेशननंतर सबंध घटना सोडून फक्त सर्वांत जळजळीत तुकड्यावर काम करतात.

दुसरी आघाडी रस्त्यावरची. टाळलेल्या गोष्टींची शिडी करतात आणि प्रत्येक पायरीला भीतीचे ० ते १०० गुण देतात. वरच्या घाटातल्या माणसाची शिडी साधारण अशी होईल: बंद गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसणं २०, दिवसा गावातल्या रस्त्यावर फेरी ३५, हायवेवर शेजारी बसून प्रवास ५०, ट्रकच्या मागे गाडी असताना न ओरडणं ६५, दिवसा घाट चढणं ८०, अंधार पडल्यावर स्वतः चालवत घाट उतरणं ९५. सुरुवात ३०-४० च्या आसपासच्या पायरीपासून. तिथे निदान ३० ते ४५ मिनिटं थांबायचं, किंवा भीती जवळपास निम्म्यावर येईपर्यंत. दहाव्या मिनिटाला उठून आलात तर त्या दिवशी धडा झाला तो पळण्याचा. आणि निवडलेली गोष्ट खरोखर सुरक्षित हवी. अपघाताच्या वळणावर रस्त्याच्या कडेला उभं राहणं ही पायरी नव्हे, तो वेडेपणा आहे.

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, पॅट्रिशिया रेसिक यांची. १२ सेशन, प्रत्येक तासाभराचं. इथे घटना तपशिलात सांगावीच लागते असं नाही. पहिल्या आठवड्यात एक पान लिहून आणायचं असतं: ही घटना का घडली असं मला वाटतं, आणि तिच्यामुळे माझं स्वतःबद्दलचं, माणसांबद्दलचं, जगाबद्दलचं मत कसं बदललं. त्या पानातून अडकलेले विचार वेचतात. ‘मी ओरडले नाही, म्हणजे मलाही चालत होतं.’ ‘मी त्या दिवशी गाडी काढली नसती तर आई असती.’ मग पुढच्या कागदांवर एकेका विचाराची उलटतपासणी होते: पुरावा काय, हे तेव्हा माहीत होतं की आज माहीत आहे म्हणून तेव्हाही माहीत असायला हवं होतं असं वाटतंय, चूक आणि हेतू यांत फरक केलाय का. जिवावर बेतलं की अंग लाकडासारखं होणं, दातखीळ बसणं ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, तिचा संमतीशी संबंध नाही. हे नुसतं ऐकून पटत नाही, कागदावर स्वतःच्या हाताने पोहोचलं की पटू लागतं. उरलेली सेशनं सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वाभिमान आणि जवळीक या पाच विषयांवर. शेवटी ते पहिलं पान नव्याने लिहायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

ईएमडीआर फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केली आणि १९८९ मध्ये तिच्यावरचा पहिला अभ्यास छापला. आठ टप्पे असतात. इतिहास आणि तयारी झाली की घटनेतलं एक चित्र पकडतात, त्याला चिकटलेलं स्वतःबद्दलचं वाक्य (‘मी असहाय आहे’), त्याऐवजी हवं असलेलं वाक्य, ते किती खरं वाटतं याचे १ ते ७ गुण, त्रासाचे ० ते १० गुण, आणि शरीरात तो कुठे जाणवतो. मग चित्र मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, साधारण अर्धा मिनिट. थांबून ‘काय आलं?’, पुन्हा फेरी. त्रास शून्यावर किंवा एकवर येईपर्यंत हे चालतं. डोळे फिरवण्याचा स्वतंत्र वाटा किती यावर संशोधकांत वाद आहे. माझ्या मते निवड करणाऱ्याने त्या वादात अडकू नये: बोटं असोत, हातावरच्या टिचक्या असोत, आठवण समोर धरली जाते आणि ती धरून बसता येतं हे शिकलं जातं, टाळणं तिथे मोडतं. मात्र मोबाइलवरचा सरकणारा ठिपका बघत घरच्या घरी हे करणं टाळा. आठवण उघडते, ती बंद करून द्यायला समोर कुणी नसतं.

नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी निर्वासितांसोबतच्या कामातून पुढे आली. जमिनीवर दोरी अंथरायची, ती म्हणजे आयुष्य. वाईट घटनांच्या जागी दगड, चांगल्यांच्या जागी फुलं. मग जन्मापासून क्रमाने चालत प्रत्येक दगडापाशी थांबून ती गोष्ट सविस्तर सांगायची, थेरपिस्ट लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो. साधारण ४ ते १० सेशन. मार, उपासमार, स्थलांतर असं एकावर एक रचलेलं असेल तेव्हा ‘सर्वांत वाईट घटना कोणती’ या प्रश्नालाच उत्तर नसतं, तिथे ही पद्धत उजवी पडते.

मुलांसाठी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे आघातावर बेतलेली विचार-वर्तनाची थेरपी, वय ३ ते १८, बहुधा १२ ते १६ सेशन, आणि त्यात पालकांचीही समांतर सेशनं असतात. पालकांना बाहेर बसवून केवळ मुलाला ‘दुरुस्त’ करून देणारा कुणी भेटला तर दुसरा शोधा. इथे एक कायद्याची गोष्ट आधीच माहीत हवी. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि यात समुपदेशकही आले. ‘हे फक्त तुमच्या-माझ्यात राहील’ असं वचन देणारा थेरपिस्ट एकतर कायदा जाणत नाही, किंवा खोटं बोलतोय.

मग यातली कोणती

अभ्यासांत या थेरप्या एकमेकींच्या फारशा पुढे-मागे नाहीत. त्यामुळे निवड ठरते ती त्रासाचा सूर, घरची परिस्थिती आणि तुमच्या आसपास नीट शिकलेलं माणूस कोण आहे यावर. भीती आणि टाळणं वरचढ, घटना एकच: प्रोलाँग्ड एक्स्पोजर. अपराधीपणा आणि लाज वरचढ: सीपीटी. तपशील तोंडातून काढणं अशक्य वाटतंय: ईएमडीआर.

घरच्या परिस्थितीचा मुद्दा पाश्चात्त्य पुस्तकांत फारसा सापडत नाही आणि आपल्याकडे तो निर्णायक ठरतो. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर स्वतःच्याच आवाजातलं बलात्काराचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं कुठे? इअरफोन लावला तरी रडू येणारच. सीपीटीचे कागद ठेवायचे कुठे, जिथे कपाट सगळ्यांचं आहे? हे पहिल्याच सेशनला बोला. गृहपाठ ऑफिस सुटल्यावर तिथेच अर्धा तास बसून करता येतो, मैत्रिणीच्या घरी करता येतो, कागद क्लिनिकमध्येच ठेवता येतात. काहीच जमत नसेल तर गृहपाठ कमी असलेली ईएमडीआर व्यवहार्य. गृहपाठ न झाल्याने थेरपी फसणं ही फार नेहमीची गोष्ट, आणि त्यामागे आळसापेक्षा जागेची अडचण जास्त वेळा असते.

भाषेचंही तसंच. आठवण ज्या भाषेत घडली त्या भाषेत ती अंगावर येते. इंग्रजीत ‘शेम’ म्हणून माणूस सफाईने पुढे सरकतो. ‘अब्रू गेली’ म्हणताना घसा दाटतो. सफाईने सांगता येणं हेही एक टाळणंच आहे. थेरपिस्ट मराठी नसेल तरी निदान घटनेतले संवाद, शिव्या, हाका मूळ शब्दांत म्हणू देणारा हवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, टॉकिंग थेरपीज सेवेकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना स्वतः नाव नोंदवता येतं आणि दुभाषा मागता येतो. मात्र दुभाषा म्हणून नवरा, दीर, मुलगी यांना बसवू नका.

लहानपणापासूनच्या छळात आधी भावना सावरायची कौशल्यं शिकवून मग आठवणींवर जावं का, यावर तज्ज्ञांत दोन तट आहेत. कौशल्यं शिकवणं गैर नाही. सहा-आठ सेशनं त्यात जाणं समजण्यासारखं आहे. पण आठ महिने झाले तरी ‘अजून तुमची तयारी नाही’ असं ऐकू येत असेल, तर टाळणं आता थेरपिस्टकडे सरकलं आहे.

जे पुरत नाही, आणि जे करू नये

प्राणायाम, योग, चालणं, शवासन यांनी अंग शांत होतं, झोप सुधारते. जोडीला चांगलं, मुख्य उपचार म्हणून अपुरं. ‘विपश्यनेला जाऊन ये’ हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. दहा दिवस मौन आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास डोळे मिटून बसणं, हे ज्याला डोळे मिटताच फ्लॅशबॅक येतो त्याच्यासाठी आधाराविना केलेलं एक्स्पोजर ठरू शकतं. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरं लिहा, लपवून जाऊ नका.

संमोहनाने किंवा पूर्वजन्मात नेऊन ‘दडलेली आठवण’ बाहेर काढून देणाऱ्यांपासून लांब राहा. सुचवत गेलं की मन न घडलेलं दृश्यही खऱ्यासारखं रंगवतं, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. मग घरात जे आरोप-प्रत्यारोप होतात ते निस्तरायला पूर्वजन्मवाला येत नाही.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांना पीटीएसडीसाठी पुरावा आहे. परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून अचानक बंद करायची नसतात. थेरपीसोबत ती चालतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गटातल्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. घरोघरी त्या ‘झोपेची गोळी’ म्हणून असतात, आणि पीटीएसडीत त्या देऊ नयेत असं वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्या भीतीला त्या क्षणी झाकतात, त्यामुळे ‘भीती आपोआप उतरते’ हे शिकायची संधीच जाते. सेशनआधी अर्धी गोळी किंवा पेग घेऊन गेलात तर तेच. पण रोज घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवून देतात.

आत्महत्येचा ठाम विचार, भास, किंवा दारू सोडताना थरथर होत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

फोनवर विचारायचे प्रश्न

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध लिहिणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक मागितला तर कुणी रागावायचं कारण नाही. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र दोन वर्षांची एमए केलेल्यापासून शनिवार-रविवारच्या कोर्सवाल्यापर्यंत कुणीही पाटीवर लिहितो. पाटीवरचा आणखी एक फसवा शब्द म्हणजे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’. त्याचा अर्थ, मी आघात समजून वागतो. तुम्हाला हवा तो ‘ट्रॉमा-फोकस्ड’, आघातावरच काम करणारा. आघात समजून वागणारा दंतवैद्यही असतो.

पहिल्या फोनवर दहा मिनिटं मागा. पीटीएसडीसाठी कोणती पद्धत वापरता, आणि ती कुठे शिकलात? चांगल्या उत्तरात एक नाव असतं, किती दिवसांचं प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कुणाकडे ते असतं. ‘मी सगळ्याचं मिश्रण करते, पेशंट बघून’ या उत्तरावर पुढचा प्रश्न: मग माझ्यासारख्याच्या चौथ्या सेशनमध्ये काय चाललेलं असेल? इथे गडबडणारा माणूस आराखड्याविना काम करतो. साधारण किती सेशन? प्रगती कशाने मोजता? मध्येच त्रास वाढला तर काय करता? आणि सेशनमध्ये मी सुन्न झाले, कुठे आहे तेच कळेनासं झालं तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठोस हवं: डोळे उघडे ठेवू, भूतकाळात बोलू, पाय जमिनीवर टेकवू, खोलीतल्या वस्तूंची नावं घेऊ, परत जमिनीवर आलात की छोट्या तुकड्याने पुन्हा सुरू करू. ‘मग तो विषय सोडून देऊ’ हे उत्तर पुरेसं नाही.

फीचा हिशोब एका सेशनचा न करता संपूर्ण उपचाराचा करा. सेशनला १,५०० रुपये असतील तर १२ सेशनचे १८,०००. नव्वद मिनिटांचं सेशन दीडपट लावतात का तेही विचारा. पैसे बारा आठवड्यांना पुरत नसतील तर दर तीन आठवड्यांनी एक सेशन घेणं ही बचत नाही. मधल्या काळात टाळणं पुन्हा घट्ट होतं आणि प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात. त्यापेक्षा सरकारी दार ठोठवा: जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखल व्हावं लागत नाही. तिथे रांग असते, पण हेच प्रश्न विचारायला हरकत नाही. विम्यात मानसिक आजार धरणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे, मात्र थेरपी हा ओपीडीचा खर्च. पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा. त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. ‘आई काळजीत होत्या म्हणून त्यांना थोडं सांगितलं’ हे तुमच्या परवानगीशिवाय चालत नाही.

सुरू झाल्यावर

दुसऱ्या ते पाचव्या सेशनच्या दरम्यान बऱ्याच जणांना वाटतं, ही बाई खपली काढतेय, आधी बरा होतो. स्वप्नं वाढतात, जेवण जात नाही. काही काळ असं होणं अपेक्षित आहे आणि एवढ्यावरून उपचार चुकतोय असं धरू नये. सोडून जाणारे बहुधा इथेच सोडतात. म्हणून सेशन कामाच्या दिवसाच्या मध्यात ठेवू नका, नंतरचा निदान अर्धा तास मोकळा ठेवा, आणि परतताना स्वतः गाडी चालवू नका. जाण्याची इच्छा सर्वांत कमी असते त्या दिवशी नक्की जा, आणि जाऊन तेच सांगा.

व्हिडिओवरही या थेरप्या चालतात. फक्त दार बंद होणारी खोली हवी, नाहीतर उभी केलेली गाडी. तुम्ही त्या क्षणी बसला आहात तो पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर थेरपिस्टकडे हवा.

पीसीएल-५ दर एक-दोन आठवड्यांनी भरा. १० ते १५ गुण उतरले की फरक खरा मानायला हरकत नाही. झोप बहुधा उशिरा सुधारते, तिच्यावरून निकाल काढू नका. सहाव्या सेशनपर्यंत आकडा हललाच नसेल तर थेरपी बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, गृहपाठ खरंच होतोय का. दोन, चोरून घेतलेले आधार: घाट चढताना सगळा वेळ बायकोशी फोन चालू, खिशात गोळी, वळणावर डोळे घट्ट मिटलेले. शरीर घाटात असतं, मन टाळतच असतं. तिसरी गोष्ट जास्त अवघड: चुकीची आठवण निवडली गेलीय का. माणूस अपघात सांगतो, कारण तो सांगता येतो. त्या अपघातानंतर गाडीत अडकलेल्या भावाकडे न जाता आपण आधी बाहेर पडलो, ते सांगत नाही. शिडीवर सगळं नीट चाललंय आणि तरी आकडा हलत नाही, तेव्हा थेरपिस्टने थेट विचारायला हवं: यात काही सोडलंय का? आणि तुम्हाला ते आज सांगणं शक्य नसेल तर निदान ‘हो, सोडलंय’ एवढं म्हणा. काम तिथून पुन्हा सुरू होतं.

या तिन्ही तपासूनही हालचाल नसेल तर पद्धत बदला, एक्स्पोजरकडून सीपीटीकडे किंवा उलट. स्पष्ट सांगून, फाइलची प्रत मागून बदला. उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे.

शेवटची दोन सेशनं जरा लांबवून, पंधरा दिवसांच्या अंतराने ठेवतात. त्यात एक कागद तयार होतो: काय केल्याने फरक पडला, त्रास परत डोकावला तर पहिलं पाऊल कोणतं, आणि घटनेची तारीख. त्या तारखेच्या आसपासचा आठवडा कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवायचा. त्या दिवसांत स्वप्नं आली, दचकायला झालं तर रेकॉर्डिंग पुन्हा दोनदा ऐकायचं किंवा शिडीची मधली पायरी पुन्हा चढायची. दोन आठवड्यांत उतरलं नाही तरच फोन करायचा.